डेस्कटॉपचा एसएमपीएस बदलायचाय? बॉक्सवरचे वॅट नको, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा

मोबाइलचा चार्जर बिघडला की आपण घरातला दुसरा कुठलाही चार्जर उचलतो आणि लावतो. ३३ वॅटचा फोन ६७ वॅटच्या चार्जरला लावला तरी बिघडत नाही, कारण किती व्होल्ट द्यायचे ते फोन आणि चार्जर आधी आपसात ठरवतात. नाहीच जमलं तर साध्या ५ व्होल्टवर रडतखडत का होईना, चार्जिंग होतं. या सवयीमुळे डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गेला की आपण दुकानात जाऊन सरळ म्हणतो, "भाऊ, एक साडेचारशे वॅटचा एसएमपीएस द्या." आणि गडबड तिथेच होते.

डेस्कटॉपमध्ये असं काही आपसात ठरत नाही. एसएमपीएसमधून जे येईल ते मदरबोर्ड, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड मुकाट्याने घेतात. वीज चांगली आली तर वर्षानुवर्षं चालतात, वाईट आली तर जळतात. म्हणून आठशे रुपयांचा एसएमपीएस वीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो.

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. यूट्यूबवरच्या परदेशी व्हिडिओंमध्ये याच डब्याला पीएसयू म्हणतात, वस्तू एकच. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून आत वाटायचे, एवढंच त्याचं काम. ते नीट करणारा डबा कसा ओळखायचा, ते आता बघू.

खरंच एसएमपीएसच गेलाय का?

पैसे घालवण्याआधी ही खात्री करा. बटण दाबल्यावर पंखा, लाइट, आवाज काहीच नसेल तर आधी भिंतीवरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग मागची पॉवर केबल बदला. बहुतेक मॉनिटरना तशीच केबल असते, ती काढून लावली की लगेच कळतं. एसएमपीएसच्या मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो, तो चालू आहे ना? हसू नका, दिवाळीच्या साफसफाईनंतर "कॉम्प्युटर बंद पडला" म्हणून आलेले दोन फोन माझ्या याच स्विचवर मिटलेत.

कॉम्प्युटर साध्या कामाला चालतो पण गेम सुरू केला की धाडकन बंद होतो किंवा रिस्टार्ट होतो, सकाळी पहिल्यांदा बटण तीन-चार वेळा दाबावं लागतं, मागून जळकट वास येतो, ही एसएमपीएस थकल्याची लक्षणं आहेत. पण गेममध्ये बंद पडण्यामागे प्रोसेसर तापणं हेही कारण असू शकतं, आणि रिस्टार्ट होण्यामागे रॅम. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद दिसली की अनेक जण लगेच एसएमपीएसला दोष देतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटर नीट शट डाऊन न होता बंद पडला. महावितरणने लाइट घालवली तरी हीच नोंद होते.

यू-पिनची चाचणी तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. एसएमपीएसच्या सगळ्या केबल आतून काढायच्या, मेन वीज बंद ठेवून मोठ्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार आणि शेजारची कुठलीही काळी तार यू-पिनने जोडायची, मग वीज चालू करायची. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत आहे. पण जिवंत म्हणजे ठणठणीत नव्हे. रिकामा पंखा फिरवायला कितीशी ताकद लागते? लोड आल्यावर तो टिकतो का, हे या चाचणीत कळत नाही. उलट काही नव्या मॉडेलमध्ये लोड कमी असताना पंखा मुद्दाम बंदच राहतो, त्यामुळे पंखा फिरला नाही म्हणजे मेला असंही नाही. हाताशी मल्टिमीटर असेल तर पिवळी-काळी आणि लाल-काळी या जोड्या मोजा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, इतकं चालतं. सगळ्या तारा काळ्याच असतील, आणि नव्या मॉडेलमध्ये तसंच असतं, तर रंगावरून अंदाज बांधू नका. पिनांची जागा नक्की माहीत नसेल तर ही चाचणी सोडून द्या.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर चार्ज झालेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तसाच राहू शकतो. आतला फ्यूज बदलून काम होईल असं कुणी सांगितलं तरी हा उद्योग घरी नको.

लेबलवरची ती ओळ

एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. दुकानदार बॉक्सवरचा मोठा आकडा दाखवतो, तुम्ही बॉक्स उघडायला सांगून हा तक्ता बघा. ऑनलाइन घेत असाल तर फोटोंमध्ये लेबलचा फोटो शोधा. तो नसेल तर पुढचं मॉडेल बघा.

समजा बॉक्सवर "४५० वॅट" लिहिलंय आणि लेबलवर असे आकडे आहेत: ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २० अँपिअर, १२ व्होल्टला १५ अँपिअर, उणे १२ व्होल्टला अर्धा अँपिअर आणि स्टँडबायच्या ५ व्होल्टला २ अँपिअर. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ६६, १००, १८०, ६ आणि १०. बेरीज ३६२. म्हणजे कंपनीने स्वतःच छापलेले आकडे जोडले तरी ४५० होत नाहीत! आणि त्यातले कामाचे १२ व्होल्टवरचे वॅट फक्त १८०.

"कामाचे" का म्हणतोय ते समजून घ्या, कारण अख्ख्या खरेदीची किल्ली इथे आहे. जुन्या काळी, पेंटियम ३ पर्यंत, प्रोसेसरला लागणारी वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांतून यायची. प्रोसेसरची भूक वाढत गेली तशी अडचण झाली. कमी व्होल्टवर जास्त वॅट न्यायचे तर करंट जास्त लागतो, मग तारा तापतात आणि वीज वाटेतच वाया जाते. महावितरण लांबवर वीज नेताना व्होल्टेज चढवून का नेतं? त्याचंच हे छोटं रूप. म्हणून २००० साली पेंटियम ४ आला तेव्हा प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा प्लग आला. तेव्हापासून १२ व्होल्ट थेट प्रोसेसरच्या शेजारपर्यंत येतात आणि मदरबोर्डवरचं सर्किट तिथे त्यांचं साधारण एक व्होल्ट करतं. ग्राफिक्स कार्डही तेच करतं. आजच्या कॉम्प्युटरमध्ये जवळजवळ सगळी जड कामं १२ व्होल्टवर चालतात. ५ व्होल्टवर एसएसडी, यूएसबी अशी किरकोळ मंडळी उरलीत.

आपल्या बाजारात मात्र अजूनही जुन्या डिझाइनचे एसएमपीएस नव्या स्टिकरसह विकले जातात. कॅबिनेटसोबत "फुकट" येणारे अनेक डबे याच जातीचे. त्यांचा जोर ५ आणि ३.३ व्होल्टवर, म्हणजे जिथे आज गिऱ्हाईकच नाही. ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला साधारण ३६ अँपिअर दिसतात, म्हणजे ४३२ वॅट. छापलेल्या एकूण आकड्याच्या जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळत असेल तर डिझाइन आजचं आहे. निम्मीच मिळत असेल तर तो डबा खाली ठेवा.

काही लेबलांवर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात आणि दोन्हींत १८-१८ अँपिअर लिहिलेलं असतं. त्यांची सरळ बेरीज करू नका. दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती वॅट, हे खाली वेगळं दिलेलं असतं, तोच आकडा खरा.

मग मला किती वॅट लागतील?

ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेत, पण हिशोब इतका सोपा आहे की हातानेच करावा. दोनच आकडे शोधायचे: प्रोसेसर जास्तीत जास्त किती वॅट घेतो आणि ग्राफिक्स कार्ड किती. बाकी सगळ्याला, म्हणजे मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून, ५०-६० वॅट धरा.

इंटेल कोअर आय५-१२४०० घ्या. त्याच्या नावापुढे ६५ वॅट लिहिलेलं दिसतं, पण टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत जातो, धरायचा हाच आकडा. सोबत आरटीएक्स ३०६०, ते १७० वॅटचं. ११७ अधिक १७० अधिक ५० म्हणजे ३३७. ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि एसएमपीएस सतत शंभर टक्क्यांवर पळवणं बरं नाही. म्हणून दीडपटीच्या आसपास धरा. चांगला ५०० ते ५५० वॅटचा पुरतो. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते. कंपन्यांचे असे आकडे बहुधा सढळ असतात, कारण तुमच्या कॅबिनेटमध्ये कुठला डबा बसलाय हे त्यांना माहीत नसतं.

ग्राफिक्स कार्डच नसेल, म्हणजे अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग आणि पिक्चर एवढंच काम असेल, तर असा कॉम्प्युटर क्वचितच शंभर-दीडशे वॅटच्या वर जातो. त्याला ६५० वॅटचा गोल्ड विकणारा दुकानदार तुमचा मित्र नाही. आणि मोठा एसएमपीएस घेतला तर बिल जास्त येईल ही भीतीही काढून टाका. ६५० हा कमाल आकडा आहे, कॉम्प्युटर मागेल तेवढीच वीज तो ओढतो.

विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी आणखी एक आकडा बघावा. एसएमपीएसचे वॅट कुठल्या तापमानाला मोजलेत? काही कंपन्या ४० अंशांना मोजतात, काही ५० अंशांना. मे महिन्यात चंद्रपूरच्या घरात खोलीच ४० अंशांवर असते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तिथे ५० अंशांवाला घेणं ही चैन नव्हे.

प्लग आणि आकार: इथेच परतीची चक्कर पडते

नेहमीच्या कॅबिनेटमध्ये एटीएक्स आकाराचा एसएमपीएस बसतो: १५० मिलिमीटर रुंद, ८६ मिलिमीटर उंच, लांबी १४० किंवा जास्त. लहान कॅबिनेटमध्ये एसएफएक्स असतो, तो १२५ मिलिमीटर रुंद आणि ६३.५ मिलिमीटर उंच. लांबुळका, चपटा, ८५ मिलिमीटर रुंदीचा असेल तर तो टीएफएक्स. पट्टी घेऊन मोजा आणि मोबाइलवर फोटो काढा: लेबलचा, मागच्या बाजूचा, आणि मदरबोर्डला लागलेल्या प्रत्येक प्लगचा. दुकानात हे फोटो दाखवले की निम्मं काम होतं.

खरा सापळा ऑफिसमधून बाहेर पडलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात, किंवा ऑनलाइन रिफर्बिश्ड म्हणून डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. विद्यार्थ्यांसाठी ते छान आहेत, मीही सुचवतो. पण त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डचा मुख्य प्लग २४ पिनांचा नसतोच. तो ६, ८, १० किंवा १४ पिनांचा, त्या कंपनीचा स्वतःचा असतो. डब्याचा आकारही वेगळा. बाजारातला कुठलाच साधा एसएमपीएस त्याला थेट लागत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तर डेलच्या काही डेस्कटॉपमध्ये प्लग दिसायला नेहमीचाच होता, पण आतल्या तारांची जागा वेगळी होती. नेहमीचा एसएमपीएस लावला की बोर्ड जळायचा.

अशा मशीनसाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जुन्या डब्यावरचा पार्ट नंबर बघून तोच मिळवणं. २४ पिनांवरून ८ किंवा १४ पिनांवर आणणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते नेमके तुमच्याच मॉडेलसाठी आहेत याची खात्री हवी. "बसतंय ना, मग चालेल" हा नियम इथे चालत नाही.

साध्या एटीएक्समध्येही प्लगांची एक जोडी फसवते. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग दिसायला जुळे भाऊ, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. ओळख सोपी आहे. चार अधिक चार असा दुभंगतो तो प्रोसेसरचा, सहा अधिक दोन असा दुभंगतो तो ग्राफिक्स कार्डाचा. चुकीचा प्लग सहज आत जात नाही, तेव्हा जोर लावायचा नाही. ग्राफिक्स कार्डाला किती पिना लागतात तेही आधी बघा. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या प्लगमधून आणखी ७५, आठ पिनांच्या प्लगमधून १५०. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल स्लॉटवरच भागवतात. नव्या आरटीएक्स कार्डांवरचा बारीक १६ पिनांचा प्लग मात्र पूर्ण आत, शेवटपर्यंत दाबून बसवा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यात अर्धवट बसलेले प्लग हे एक मोठं कारण निघालं.

हव्या त्या प्लगऐवजी जोडणीची केबल देऊन काम भागवणारे दुकानदार भेटतील. जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटा करणाऱ्या स्वस्त, साच्यात ओतलेल्या केबल जळण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्या नकोतच.

जुन्या केबल नव्या डब्याला कधीच लावू नका

काही एसएमपीएसच्या केबल सुट्या असतात, हव्या तेवढ्याच लावायच्या. त्यांना मॉड्युलर म्हणतात. कॅबिनेट नीटनेटकं दिसतं, सोय मोठी. धोकाही मोठा. केबलचं मदरबोर्डकडचं किंवा डिस्ककडचं टोक ठरलेल्या मानकाचं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला मानक नाही. कुठल्या पिनमध्ये १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनमध्ये ५ व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही ते वेगळं असू शकतं. प्लग मात्र छान बसतो!

हे मी वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझी मावसबहीण आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. सबमिशनला दोन आठवडे असताना तिचा एसएमपीएस गेला. मी त्याच कंपनीचा, जरा मोठा, नवा एसएमपीएस घेऊन गेलो. जुन्या केबल कॅबिनेटच्या मागे टाय लावून इतक्या सुंदर बांधलेल्या होत्या की त्या सोडवायचा कंटाळा आला. नुसता डबा बदलला, जुन्याच केबल त्याला लावल्या, सगळ्या टक्क करून बसल्या. बटण दाबलं, एक बारीकसा "टिक" आवाज आला आणि कुकरचं रबर जळाल्यासारखा वास. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले होते. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या. हार्ड डिस्कचा सर्किट बोर्ड बदलून बराचसा डेटा परत मिळाला, पण चालू ड्रॉइंग एसएसडीवर होती. तिने अकरा रात्री बसून ती पुन्हा काढली. मला एका शब्दाने बोलली नाही. तिचे वडील, माझे काका, मात्र आजही लग्नकार्यात भेटले की विचारतात, "काय, केबल सोडवल्या का?"

त्यामुळे नवा डबा, तर त्याच्या बॉक्समधल्या नव्याच केबल. जुन्या सगळ्या काढा आणि घरात ठेवूच नका, म्हणजे मोह होणार नाही. सेकंडहँड मॉड्युलर एसएमपीएस मूळ केबलशिवाय मिळत असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे

"८० प्लस" हा २००४ मध्ये सुरू झालेला प्रमाणपत्राचा कार्यक्रम. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के आत पोहोचते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढंच तो मोजतो. साधा, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आहेत. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडला ब्रॉन्झला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात.

बिलात फरक किती? कॉम्प्युटर आत ३०० वॅट घेत असेल तर ब्रॉन्झ भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढेल, गोल्ड ३३३. वीस वॅटचा फरक. रोज चार तास गेम खेळलात तर महिन्याला २.४ युनिट. साध्या कामाला तर महिन्याला एक युनिटही नाही. त्यामुळे फक्त बिलासाठी गोल्ड घेऊ नका. गोल्डची मॉडेल बहुधा चांगल्या भागांनी बनवलेली असतात, तापतात कमी आणि वॉरंटी जास्त असते, हे खरं कारण आहे. पण या प्रमाणपत्रात सुरक्षिततेची परीक्षा होत नाही. शॉर्ट सर्किट झालं, व्होल्टेज चढलं, लोड वाढला तर डबा स्वतःहून बंद पडतो का, ते मॉडेलच्या माहितीत वेगळं शोधा. स्वस्त डब्यांमध्ये पहिली काटछाट याच संरक्षणावर होते. बॉक्सवर फक्त "८०% एफिशियन्सी" छापलेलं असेल आणि ८० प्लसचा अधिकृत बिल्ला नसेल, तर तो शब्दांचा खेळ समजा.

आपल्याकडची वीज

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि म्हणून एसएमपीएस बदलायचाय, असं बऱ्याच जणांचं असतं. थांबा. बहुतेक वेळा दोष भिंतीत असतो. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर मेन लाइन आणि कॅबिनेटच्या पत्र्यामध्ये जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा बारीक करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावला असेल, तर पत्र्यावर मेनच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत वीज तरंगत राहते. नवा एसएमपीएस लावला तरी झिणझिण्या तशाच. इथे पैसे दुकानदाराला नाही, वायरमनला द्या. आणि हे टाळू नका, कारण उद्या खरोखरच लाइव्ह तार पत्र्याला लागली तर अर्थिंगशिवाय फ्यूज उडणार नाही, झटका तुम्हाला बसेल.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो? घरच्या इन्व्हर्टरवर बऱ्याचदा "यूपीएस" आणि "नॉर्मल" किंवा "इको" असा स्विच असतो. तो यूपीएसवर करा, बदल लवकर होतो. तरीही होत असेल तर एसएमपीएस कमजोर आहे. चांगला डबा पूर्ण लोडवरही १६-१७ मिलिसेकंद विजेशिवाय तग धरतो, तेवढ्यात यूपीएस सावरतो. आणि यूपीएसची क्षमताही वॅटमध्ये बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. वर धरलेला ३३७ वॅटचा गेमिंग कॉम्प्युटर आणि मॉनिटर त्यावर गेम चालू असताना टिकणार नाही.

जुन्या किंवा बाहेरून आलेल्या एसएमपीएसच्या मागे ११५-२३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना ते प्लग लावण्याआधी बघा. आपल्याकडे तो ११५ वर राहिला तर मोठा आवाज होतो आणि विषय संपतो.

घेताना आणि बसवताना

सुट्या एसएमपीएसला भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि "आर-" ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर अ‍ॅप मोबाइलवर घ्या, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूची नोंदणी आहे ते दिसतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत होतं. चिन्हच नसेल तर चर्चा नको. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी तीन, पाच, सात, दहा वर्षं अशी असते. पण तुमच्या शहरातून ती मिळवायची कशी, कुरिअर कोण करणार, ते आधी विचारा.

सेकंडहँड एसएमपीएस मी घेत नाही. आतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात आणि ते बाहेरून दिसत नाही. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्या, कॅबिनेट घ्या, हा डबा नवा घ्या.

बसवताना मागचा स्विच बंद करा, प्लग काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाईल. प्रोसेसरचा प्लग आधी लावा. तो कोपऱ्यात असतो आणि नंतर हात पोहोचत नाही. पहिल्यांदा चालू करताना ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एकच डिस्क जोडा. डिस्कचा बॅकअप शक्य असेल तर आधीच घेतलेला असू द्या. बायोसमध्ये जाऊन १२ व्होल्टची ओळ बघा. मग विंडोज चालू करून अर्धा तास जड गेम खेळा आणि ती ओळ पुन्हा बघा. बायोसमधले आणि सॉफ्टवेअरमधले आकडे अगदी काटेकोर नसतात, पण लोडवर आकडा ११.४ च्या खाली घसरत असेल तर मल्टिमीटरने खात्री करा. तिथेही घसरला, तर दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत डबा परत नेऊन द्या.